शिट्टीबाई ग्लायडर निवडतात

माझी नणंद चौतीस वर्षं एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवत होती. मुली तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणत, मी तोंडावर म्हणते. लग्न तिने केलं नाही. कारण विचारलं तर ‘वेळ मिळाला नाही’ म्हणते, आणि तिच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. माझे यजमान, म्हणजे तिचा थोरला भाऊ, गेल्यापासून आम्ही दोघीच एका घरात राहतो. मी सत्तरीची, ती एकसष्ट. तुमचं दोघींचं पटतं का हो, असं लोक आवाज खाली आणून विचारतात. न पटायला आम्ही काय नवरा-बायको आहोत?

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने तिने घराला शिस्त लावली. चपला उंचीप्रमाणे लागल्या. फडताळातले डबे उंचीप्रमाणे लागले, आणि मीठ नि साखर एकाच उंचीच्या डब्यांत असल्यामुळे मी दोनदा खारट कॉफी प्यायले. पोस्टमनला तिने पाठ ताठ ठेवून जिना चढायला शिकवलं. तेव्हापासून तो पत्रं खालीच टाकून पळतो. लिफ्टमध्ये ती शिरली की शेजारचे गृहस्थ पोट आत घेतात. हे सगळं मी चालवून घेतलं. मला पाहवत नव्हतं ते वेगळंच होतं. रोज सकाळी पावणेसातला ती पांढरे बूट चढवायची, नाड्या घट्ट बांधायची आणि खिडकीशी उभी राहायची. शाळा आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे. सातची घंटा ऐकू येते. ती वाजली की बाई मुकाट्याने खाली बसून बूट काढायच्या. एक शब्द बोलायची नाही. आणि ही बाई दात घासतानासुद्धा बोलते.

अशातच एकदा ती दूध आणायला गेली आणि दीड तासाने परत आली. दूध हातात तसंच, नासलेलं. मी तोंडसुख घ्यायला सरसावले होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले. गावाबाहेरच्या माळावर चार माणसं माना वर करून उभी होती, म्हणून ही पाहायला थांबली. वर एक विमान होतं. पसरलेल्या दोन हातांएवढं, बिनआवाजाचं. मोटर बंद, नुसतं वाऱ्यावर तरंगत होतं, आणि खाली उभा असलेला एक माणूस हातातल्या रिमोटने त्याला वळवत होता. ग्लायडर म्हणतात त्याला, एवढं मला सांगून ती जेवायला बसली आणि जेवण संपेपर्यंत गप्प राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात ती शाळेत गेली. शाळेच्या हेडबाई तिच्याच विद्यार्थिनी. आता पन्नाशीच्या आहेत, पण शिट्टीबाई उभी असेपर्यंत त्यांना बसवत नाही, म्हणून ती सगळी बोलणी दोघींनी उभ्याने केली. निवृत्त शिक्षकाला कवायतीचा तास देता येत नाही, असा नियम. पण शनिवारी सकाळी मैदानावर काहीतरी नवा छंदवर्ग घ्यायचा शाळेचा विचार होता आणि त्याला वयाची अट नव्हती. ग्लायडर उडवायला शिकवते, असं आमची बाई म्हणाली. हेडबाईंनी विचारलं, तुम्हाला येतं का. ही म्हणाली, येईल. हेडबाई बिचाऱ्या भल्या. त्या म्हणाल्या, माळावर ग्लायडर उडवणाऱ्यांचं मंडळ आहे, त्याचं प्रमाणपत्र आणा, म्हणजे मला समितीपुढे ठेवता येईल. पुढचं सत्र सुरू होईपर्यंत, म्हणजे दहा आठवडे, शनिवारची वेळ मी कुणाला देत नाही. त्यानंतर मात्र बॅडमिंटनवाले मागतायत. ते मैदानावर छप्पर घालणार आहेत.

छप्पर हा शब्द तिने घरी येऊन तीनदा उच्चारला. एरवी घराच्या छपराबद्दल तिला काडीची फिकीर नसते; गळतं तेव्हा मीच बादल्या लावते.

ग्लायडरचं दुकान म्हणजे बाजारात एका खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानाचा मागचा भाग. तिथे एक चाळिशीतली दुकानदारीण बसते, नाकावर चष्मा, बोटांना कायम गोंद. आम्ही आत गेलो तेव्हा ती एका पंखाला पट्टी चिकटवत होती. वर न पाहताच म्हणाली, “बोला मावशी.”

“मावशी नाही, बाई म्हण,” शिट्टीबाई म्हणाली. “मला पहिलं ग्लायडर घ्यायचंय.”

“उडवणार कुठे ते नंतर सांगा. पाडणार कुठे?”

मला ही दुकानदारीण तत्क्षणी आवडली. शिट्टीबाईला नाही आवडली. पाडायचा विचार नाही, असं तिने थंडपणे सांगितलं. दुकानदारणीने पट्टी पुरी चिकटवली, हात पुसले आणि छताला टांगलेल्यांपैकी तीन खाली उतरवून टेबलावर ठेवली.

पहिलं लाकडाचं होतं. आरपार दिसणाऱ्या पातळ कागदासारखं काहीतरी त्याच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं, आतली एक-एक फासळी दिसत होती. देखणं, यात वादच नाही. मी हात लावायला गेले तर दुकानदारणीने माझा हात हळूच बाजूला केला. हे पाच वर्षांनी, म्हणाली, आज नाही विकणार. दुसरं फोमचं, बाणासारखं, पंख सरळ रेषेत. वळायला पंखांनाच दोन्ही कडांशी छोट्या झडपा. तिसरंही फोमचं, पण त्याचे पंख मधून दोन्ही बाजूंना वर उचललेले होते, आणि टोकाशी आणखी थोडे वर. शेपटीला दोन झडपा, पंखांना काही नाही. नाकात छोटी मोटर. मोटरवर वर चढायचं, मग ती बंद करायची आणि पुढे वाऱ्यावर. पोटाखाली भडक नारिंगी रंग, म्हणजे आकाशात कोणती बाजू दिसतेय ते कळतं.

दुकानदारीण बोटाने तिसऱ्यावर टकटक करत म्हणाली की नवख्या माणसाने हे घ्यावं. याचे पंख असे वर आहेत म्हणून ते वाकडं झालं तर आपोआप सरळ होतं. हळू उडतं, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. पडलं तर गोंद लावायचा. नाक मोडलं तर नुसतं नाक मिळतं, शेपटी मोडली तर नुसती शेपटी. तिने हे इतकं सरळ सांगितलं की मी पिशवी उघडायला लागले होते.

शिट्टीबाई मात्र त्या ग्लायडरकडे असं पाहत होती की मला ती नजर ओळखीची वाटली. शाळेच्या वार्षिक संमेलनात रांगेतल्या एखाद्या मुलीकडे ती असंच पाहायची.

“हे खांदे कानाला लावून उभं आहे,” ती म्हणाली.

“कोण?” दुकानदारीण.

“हे. चौतीस वर्षं मी पोरींना ओरडतेय, खांदे खाली, खांदे खाली. आणि आता पोक काढलेलं घरी नेऊ? दुसरं द्या. ते बघा कसं उभं आहे.”

मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि सांगितलं की अगं, हे विमान आहे, सातवीतली मुलगी नाही. पंख वर असले की एका बाजूला कलल्यावर खालचा पंख जास्त उचलला जातो आणि ते सावरतं. हे साधं गणित आहे, मी पदवीला शिकलेय. ती म्हणाली, वहिनी, तुमची पदवी तुम्हाला लखलाभ. ताठ उभं राहिलेलं पोर सावरायला लागतच नाही. दुकानदारणीने आमच्याकडे एकदा पाहिलं, एक उसासा टाकला आणि सरळ पंखाचं खोक्यात भरलं. रिमोट दाखवला, त्यावरच्या दोन दांड्या दाखवल्या, बॅटरी कशी लावायची ते दाखवलं. निघताना म्हणाली, आठवड्याने भेटू.

आठवडा कुठला. चौथ्या दिवशी.

माळावरच्या मंडळाचा कारभार एक चष्मेवाले पाहतात. गावात त्यांचं भिंगं घासायचं दुकान आहे. बारीक, सावकाश बोलणारे, नियमाला पक्के. नव्या माणसांना तेच शिकवतात आणि परीक्षाही तेच घेतात. त्यांनी बाईंना पहिल्या दिवशी समजावलं की ग्लायडर आपल्यापासून दूर जात असताना सोपं असतं, त्याची डावी ती आपली डावी. ते आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की उलटं होतं. त्याची डावी ती आपली उजवी. सगळे नवशिके तिथे पडतात. बाई म्हणाली, हे मला सांगायला नको. चष्मेवाले म्हणाले, बरं. आणि फेकू मी का? बाई म्हणाली, फेकायला मला काय झालंय.

तिने गोळाफेकीच्या थाटात तीन पावलं धावून ते फेकलं. सरळ पंखाचं ते ग्लायडर बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं. डावीकडे कललं, मग जास्त कललं, मग पाठीवर झालं आणि नाकावर उतरलं. एकूण सहा सेकंद. मी मोजले. पंख एका ठिकाणी, शेपटी दुसऱ्या ठिकाणी, नाक मातीत. माझ्या शेजारी उभा असलेला मंडळाचा एक सभासद टोपी काढून उभा राहिला.

दुकानदारणीने तुकडे पाहिले आणि काही बोलली नाही, याबद्दल मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला. मोटर, बॅटरी आणि रिमोट शाबूत होते. ते नव्या सांगाड्यात बसवता येतात. तिने न विचारताच ते पोक काढलेलं खाली उतरवलं. शिट्टीबाईने त्याला घरी आणलं आणि दिवाणखान्यात माझ्या खुर्चीवर ठेवलं. दोन दिवस त्याच्याशी अबोला धरून होती.

पण मग ते उडालं. खरंच उडालं. मोटरवर सावकाश वर चढलं, मोटर बंद झाली आणि ते खांदे कानाला लावलेलं ध्यान असं तरंगायला लागलं की मी चहाचा थर्मास बाजूला ठेवला. आणि एक नवल झालं. ते आमच्याकडे तोंड करून येत होतं, म्हणजे सगळे जिथे पडतात तिथे, तर बाईचा हात चुकला नाही. डावी, उजवी, सगळं बरोबर. चष्मेवाले भुवया उंचावून पाहत राहिले. म्हणाले, पंधरा वर्षांत असं पाहिलं नाही. बाई फुगली. मग ग्लायडर आमच्या डोक्यावरून पलीकडे गेलं, पाठ फिरवून दूर जायला लागलं, म्हणजे जिथे कुणीच पडत नाही तिथे, आणि बाई त्याला डावीकडे वळवायला गेली, ते वळलं उजवीकडे. ते जास्त वळलं म्हणून सावरायला गेली ती आणखी उजवीकडे. ग्लायडर गोल-गोल फिरत खाली यायला लागलं.

“हात सोडा,” चष्मेवाले म्हणाले. “बाई, दांड्या सोडा. ते आपलं आपण सरळ होईल.”

तिने सोडल्या. ते झालं सरळ, अगदी आज्ञाधारकपणे, आणि काटेरी झुडपात उतरलं. आमची बाई आनंदाऐवजी अपमान झाल्यासारखी उभी. हे आपलं आपण सरळ होणार असेल तर माझं काम काय, असं तिने त्यांना विचारलं. ते बिचारे चष्मा पुसत राहिले.

पाच शनिवार असेच गेले. येताना राणी, जाताना रडकथा. नाक चार वेळा बदललं, शेपटी तीन वेळा. गोंदाची बाटली माझ्या जेवणाच्या टेबलावर कायमची राहायला आली. चष्मेवाल्यांनी डोळे तपासले, डोळे उत्तम. त्यांनी रिमोटच्या डाव्या दांडीला लाल दोरा बांधला, काही उपयोग नाही. चार आठवडे उरले. तिकडे हेडबाईंचा फोन आला की बॅडमिंटनवाले छपराचे नकाशे घेऊन आले होते, हेडबाईंनी त्यांना ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवलं होतं. त्या दिवशी शिट्टीबाई रात्रीची पोळी टाकून उठली, आणि सकाळी पावणेसातला बूट घालायलाही उठली नाही. तेव्हा मी ठरवलं की आता या प्रकरणात लक्ष घालायला हवं. इतके दिवस मी नुसतं थर्मास धरायचं काम करत होते.

त्या शनिवारी माळावर चिखल होता. चष्मेवाल्यांची गाडी मागच्या चाकांनी रुतली. बाई गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांना दिशा द्यायला लागली. उजवीकडे, आणखी उजवीकडे, आता डावी. गाडी अलगद बाहेर आली. मी तिच्या मागेच उभी होते, म्हणून मला दिसलं. तोंडाने ती ‘उजवीकडे’ म्हणत होती तेव्हा तिचा हात डावीकडे जात होता. चष्मेवाल्यांची जी उजवी, तीच. सांगताना तिने त्यांचीच बाजू घेतली होती.

मग मला सगळं धडाधड आठवायला लागलं. फडताळात डावीकडे ठेवलंय म्हणते ते माझ्या डावीकडे असतं, तिच्या नाही. दारात उभी राहून पाहुण्याला रस्ता सांगते तो पाहुण्याच्या बाजूने. का नाही सांगणार? चौतीस वर्षं ती रोज तीनशे मुलींसमोर तोंड करून उभी राहिली. मुलींनी उजवा हात वर करावा म्हणून ‘उजवा’ म्हणत स्वतःचा डावा वर केला. बघून बघून शिकतात मुली. समोरच्या बाईचा हात ज्या बाजूला त्या बाजूला त्यांचा. त्या ‘उजवी’च्या आरोळीबरोबर तिचा डावा हात आपोआप उठतो, जसं ठेच लागल्यावर तुमच्या-माझ्या तोंडून ‘आई गं’ निघतं. म्हणूनच ग्लायडर समोरून येताना ती चुकत नव्हती. आणि पाठ फिरवून जाताना चुकत होती, कारण तिच्या लेखी जगातली प्रत्येक गोष्ट तिच्याकडे तोंड करूनच उभी होती.

मी हे तिथे बोलले नाही. घरी गेल्यावर बोळात तिला समोर उभं केलं आणि म्हटलं, उजवा हात वर कर. तिने डावा केला. मी तिच्याकडे पाठ केली, म्हटलं, पुन्हा. तरी डावा. बोळातल्या आरशात स्वतःचा हात पाहून तिलाच धक्का बसला. कपाळाला हात लावून खुर्चीत बसली, ग्लायडरच्याच खुर्चीत, आणि ते चेपलं. म्हणाली, वहिनी, मी चौतीस वर्षं खोटं बोलले की काय. मी म्हटलं, उगाच नाटकं करू नकोस, ऊठ, खाली जाऊन भाजी आणायचीय.

जिना उतरताना मी पुढे, ती मागे. सवयीने तिने पायऱ्या मोजायला सुरुवात केली, डावा-उजवा, डावा-उजवा. मी वळून तिच्या पायांकडे पाहिलं. डावा म्हणताना डावाच पडत होता. मी म्हटलं, थांब. हात पण सांग. चालता-चालता उजवा हात वर कर. तिने उजवाच केला. तीन मजले उतरेपर्यंत आम्ही तेच करत होतो, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून पाहत होत्या. संचलनात बाई पोरींच्या पुढे किंवा शेजारी चालते, त्यांच्याच दिशेला तोंड करून. तेव्हा तिची डावी ती सगळ्यांची डावी. पाय चालायला लागले की तिचे हात बरोबर. पाय थांबले की उलटे. इतकं सोपं होतं आणि त्यासाठी चार नाकं मोडली.

पुढच्या शनिवारपासून बाई ग्लायडरच्या मागे चालायला लागली. ते पाठ फिरवून निघालं की हीही निघाली, छाती काढून, माळावरून, ढेकळं तुडवत, हातात रिमोट. ते वळून यायला लागलं की ही थांबायची. एकदाही चुकली नाही. चष्मेवाले धापा टाकत मागे. मंडळाचे सभासद म्हणायचे, बाई विमानाला फिरायला घेऊन निघाल्या, गळ्यात दोरी तेवढी बांधा. बाई म्हणायची, तुमचं तुम्ही बघा, तुमच्यापेक्षा तेच सरळ चालतं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. खांद्यांबद्दल ती आता काही बोलत नव्हती. उतरल्यावर त्याच्या पंखांवरची माती स्वतःच्या रुमालाने पुसायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चष्मेवाल्यांनी कागद काढला. वर चढणं, मोटर बंद करणं, डावीकडे एक गोल, उजवीकडे एक गोल, समोरच्या झाडांच्या रांगेपर्यंत नेऊन परत आणणं, आणि दोरीने आखलेल्या जागेत उतरवणं. दोन संधी. खाली एक ओळ होती, आणि ती वाचताना त्यांनी चष्मा काढला. उडवणाऱ्याने सगळा वेळ चुन्याने आखलेल्या गोलात उभं राहायचं. तीन पावलं रुंद गोल. मैदानात इतर लोक असतात, कुणी धावत सुटू नये म्हणून.

मी म्हटलं, हा नियम कुणी केला? ते म्हणाले, मीच. मग बदला, मी म्हटलं, शेवटी तुमच्याच हातचा आहे. ते काही बोलायच्या आत शिट्टीबाईच माझ्यावर डाफरली. रेषा आखली की आखली, म्हणाली. मी पोरींना एक बोट बाहेर ठेवू दिलं नाही, आणि आता माझ्यासाठी रेषा सरकवायची? मनातून मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण ती बरोबर होती, त्यामुळे जास्तच राग आला.

तो आठवडा आमच्या घरात फार शिष्टाचाराने गेला. ती बोळात उभी राहून दूर जाणाऱ्या गोष्टी मनात आणायची आणि हात हलवायची. दहातले सहा चुकायचे.

परीक्षेच्या सकाळी वारा बेताचा होता. हेडबाई स्वतः आल्या होत्या, आणि बाई उभी म्हणून त्याही उभ्या. पहिल्या संधीला शिट्टीबाई गोलाच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी राहिली. चढणं झालं, दोन्ही गोल झाले. झाडांकडे जायला निघालं आणि मला दुरूनच तिच्या कोपरांवरून कळलं. डावीकडे हवं होतं, उजवीकडे गेलं. तिने दांड्या सोडल्या, एवढं शहाणपण आता आलं होतं, आणि ग्लायडर आपलं आपण सावरलं. पण उंची गेली होती. ते झाडांच्या अलीकडेच गवतात उतरलं. चष्मेवाल्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हेडबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, बाईंना सांगा ना, मी समितीशी बोलून बघते. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मला मार खायचा नाही.

दुसऱ्या संधीला तिने बॅटरी बदलली, पंख चाचपले, आणि गोलात गेली. ग्लायडर वर चढवलं. मोटर बंद. डावा गोल, उजवा गोल. झाडांकडे तोंड झालं आणि ग्लायडर आमच्याकडे पाठ करून निघालं.  आणि तेवढ्यात तिचा डावा गुडघा वर आला. कमरेपर्यंत. मग उजवा. मग डावा. जागच्या जागी कदमताल. पांढरे बूट त्याच चुन्याच्या गोलात धप धप पडत होते, मान वर, हात रिमोटवर, आणि तोंडाने पुटपुटत होती, डावा-उजवा-डावा-उजवा. एक बोट रेषेबाहेर नाही. ग्लायडर झाडांपर्यंत गेलं, डावीकडे हवं तेव्हा डावीकडे, उजवीकडे हवं तेव्हा उजवीकडे, आणि वळलं. तोंड आमच्याकडे झालं तशी ती थांबली. येताना तर ती राणीच. दोरीने आखलेल्या जागेच्या मधोमध ते गवतावर असं टेकलं की उठून पुन्हा जाईल की काय वाटावं.

चष्मेवाल्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. खालची ओळ पुन्हा वाचली. गुडघ्यांबद्दल त्यात काही नव्हतं.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही हे नेहमी असंच करणार का?”

“तुमची हरकत आहे?”

“नाही. पंधरा वर्षांत ज्यांना मी दूर जाताना सोपं असतं म्हणून सांगितलं, त्यांच्यापैकी एकाने तरी मला विचारायला हवं होतं, कुणाला सोपं.” आणि त्यांनी सही केली.

हेडबाईंनी तिथूनच बॅडमिंटनवाल्यांना फोन लावला. त्या दोन वाक्यं बोलल्या आणि दोन्ही अतिशय समाधानाने बोलल्या.

सत्राच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या मैदानावर चौदा मुली आल्या. ग्लायडर दुकानदारणीकडून मागवली होती, सगळी एकाच जातीची, आणि या वेळी शिट्टीबाईने टेबलाकडे न पाहताच नाव सांगितलं होतं. मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं गेलं, उतरणारी ग्लायडर गोळा करायला, सत्तरीच्या बाईला. मी तक्रार केली, ती कुणी ऐकली नाही.

दोन महिन्यांनी चष्मेवाले सहज पाहायला आले. तोपर्यंत मुली बऱ्यापैकी उडवायला लागल्या होत्या. ते फाटकातच थांबले. आकाशात एक नारिंगी पोटाचं ग्लायडर पाठ करून दूर चाललं होतं, आणि खाली ते उडवणारी मुलगी चुन्याच्या गोलात जोरात कदमताल करत होती. तिच्यामागे रांगेत वाट पाहणाऱ्या तेरा जणी पण करत होत्या. शिट्टीबाईने त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं. त्यांना वाटतं, ग्लायडर असंच उडवतात.

चष्मेवाल्यांनी मला विचारलं, सांगायचं का त्यांना. मी म्हटलं, कशाला? एकसुद्धा चुकत नाहीये.